विटा झेलणारे हात

श्रोतेहो, घराचे बांधकाम चाललेले तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. खाली उभा असलेला गडी वीट वर फेकतो. परांचीवर उभा असलेला दुसरा ती अलगद झेलतो आणि गवंड्याच्या हाताशी ठेवतो. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. झेलणाऱ्याला विचार करायला सवड नसते. नजर विटेवर आणि हात तयार. वीट निसटली तर पायावर पडायची भीती, आणि वर बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

आज मी ज्या खेळाडूची हकिकत सांगणार आहे, त्याचे हात असेच विटा झेलून तयार झाले. त्याचे नाव जेरी राईस. अमेरिकेच्या दक्षिणेकडे मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तिथल्या स्टार्कव्हिल गावी १३ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याचा जन्म झाला आणि तो वाढला क्रॉफर्ड या लहानशा खेड्यात. वडील गवंडी होते. घरात आठ भावंडे. उन्हाळ्याच्या सुटीत मुले वडिलांच्या हाताखाली कामाला जात. भाऊ खालून विटा फेकायचे आणि जेरी वर उभा राहून झेलायचा. पुढे याच मुलाने अमेरिकन फुटबॉलमध्ये असे विक्रम केले की त्यांतले मुख्य विक्रम तो खेळ सोडून वीस वर्षे उलटली तरी अजून त्याच्याच नावावर आहेत.

आता तुम्ही म्हणाल, फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा चेंडू. त्यात झेल कुठून आला? तर अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळाच आहे. चेंडू गोल नसतो, लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. खेळाडू तो हातात धरून पळतात किंवा हाताने फेकतात. मैदान १०० यार्ड लांब. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी, डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांना जाड गाद्या. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला चार डाव मिळतात. या चार डावांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार डाव मिळतात, नाही सरकलात तर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. असे करीत करीत चेंडू घेऊन प्रतिपक्षाची शेवटची रेघ ओलांडली की सहा गुण. त्याला म्हणतात टचडाऊन. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला धरून पाडतात, तसे इथेही चेंडूवाल्याला धरून खाली पाडले की तो डाव संपला.

चेंडू फेकणारा मुख्य गडी असतो त्याला क्वार्टरबॅक म्हणतात, आणि पुढे धावत जाऊन तो चेंडू झेलतो तो रिसीव्हर. जेरी राईस हा रिसीव्हर. ऐकायला काम सोपे वाटते. पण झेलणाऱ्याच्या अंगाशी प्रतिपक्षाचा एक गडी सतत चिकटलेला असतो, आणि झेल हातात पडतो न पडतो तोच दुसरा येऊन आदळतो. शिवाय चेंडू येतो तो पाठीमागून, धावता धावता मान वळवून घ्यावा लागतो.

या मुलाच्या फुटबॉलची सुरुवात कशी झाली, ही गोष्ट शिक्षक बंधुभगिनींनी ऐकण्यासारखी आहे. जेरी दहावीच्या सुमारास एक दिवस वर्ग बुडवून शाळेच्या आवारात हिंडत होता. शाळेचे उपमुख्याध्यापक मागून आले. त्यांचा आवाज ऐकताच पोरगा जो पळाला तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी शिक्षा झालीच. पण त्या गृहस्थांनी तेवढ्यावर सोडले नाही. हा मुलगा कसा पळतो, हे त्यांनी फुटबॉल शिकवणाऱ्यांच्या कानावर घातले. आईला हा धसमुसळा खेळ मुळीच पसंत नव्हता. तरी मुलाने हट्ट धरला आणि तो मैदानावर आला. वर्गातून पळणाऱ्या मुलाचा अपराध तर सगळ्यांना दिसतो. त्याचे पळणेही पाहणारा एक माणूस त्या शाळेत होता, एवढीच गोष्ट.

शाळा संपल्यावर मोठ्या नावाजलेल्या विद्यापीठांनी त्याला बोलावले नाही. बोलावले ते इटा बेना गावच्या मिसिसिपी व्हॅली स्टेट या लहान विद्यापीठाने. त्या राज्यात काळे आणि गोरे विद्यार्थी वेगळे शिकत, त्या दिवसांत काळ्या विद्यार्थ्यांसाठी १९५० साली ही संस्था सुरू झाली होती. पैसा बेताचा, नाव बेताचे. पण तिथे आर्ची कूली नावाचे प्रशिक्षक होते आणि विली टॉटन नावाचा चेंडू फेकणारा जोडीदार होता. इतर संघ थोडे पळत, थोडे फेकत; कूलींनी ठरवले की आपण फेकतच राहायचे. १९८४ च्या एका हंगामात राईसने झेल घेऊन २७ टचडाऊन केले. त्या विद्यापीठाच्या मैदानाला आज राईस आणि टॉटन या दोघांचेच नाव आहे.

एवढे करूनही धंदेवाईक संघांच्या मनात शंका होती. तिथे खेळाडू निवडण्याची रीत अशी आहे: दरवर्षी नव्या खेळाडूंची यादी निघते आणि संघ पाळीपाळीने एकेकाला उचलतात. आदल्या वर्षी जो सर्वांत मागे राहिला त्याची पाळी पहिली, आणि जो जिंकला त्याची शेवटची. निवडीआधी खेळाडूला ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, पळवून घड्याळ लावून बघतात. राईसला ४.७ सेकंदांच्या आसपास वेळ लागला असे सांगतात. चांगला वेगवान रिसीव्हर हेच अंतर ४.४ सेकंदांत कापतो. म्हणजे ज्या मुलाचे पळणे पाहून त्याला खेळात आणले, तोच आता पळण्यात कमी पडतो असे ठरले! वर दुसरा आक्षेप असा की, लहान विद्यापीठाकडून खेळला, समोरचे गडी कच्चे असतील.

सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्स संघाचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांना मात्र तसे वाटले नाही. १९८४ च्या हंगामात एका रात्री हॉटेलातल्या टीव्हीवर त्यांनी या मुलाचा खेळ पाहिला आणि तो त्यांच्या मनात बसला. त्यांचा संघ आदल्या हंगामाचा विजेता, त्यामुळे पाळी अगदी शेवटची. तेव्हा त्यांनी दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून सोळावी पाळी मिळवली आणि राईसला घेतले. त्याच्याआधी पंधरा जण निवडले गेले होते. त्यांत दोघे रिसीव्हरच होते, आणि त्यांतला एक घेतला होता सिनसिनाटीच्या बेंगाल्स संघाने. हे नाव ध्यानात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

पहिले वर्ष, १९८५. विटा झेलणारे हात, पण चेंडू निसटू लागले. एकदा नाही, पुष्कळदा. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेक्षकांनी आपल्याच खेळाडूची हुर्यो केली. नवे ठिकाण, किती डाव पाठ करायचे, कोणत्या डावात कुठे वळायचे. चेंडूकडे बघण्याऐवजी पोरगा पुढच्या पावलाचा विचार करीत होता. मग डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या रॅम्स संघाविरुद्ध सामना झाला. त्यात त्याने १० झेल घेतले आणि २४१ यार्ड मिळवले. तेव्हापासून हुर्यो थांबली.

तरी सगळे सुरळीत झाले असे नव्हे. जानेवारी १९८७ मध्ये न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाशी बाद फेरीचा सामना होता. राईसने चेंडू झेलला, पुढे मैदान मोकळे, जवळपास कोणी नाही, आणि धावता धावता चेंडू हातातून गळाला. कोणी धक्का दिला नव्हता. तो सामना फोर्टीनायनर्स ४९ विरुद्ध ३ असा हरले. एका चुकीने काही सामना जात नाही. पण पुढच्या हंगामात राईसने काय केले ते बघा. १९८७ साली खेळाडूंचा संप झाला, त्यामुळे त्याला बाराच सामने मिळाले. त्या बारा सामन्यांत त्याने झेल घेऊन २२ टचडाऊन केले. हा विक्रम वीस वर्षे टिकला. २००७ मध्ये रँडी मॉस याने तो २३ वर नेला, पण सोळा सामने खेळून.

आता मुख्य प्रश्न असा की, घड्याळाने ज्याला मंद ठरवले तो माणूस सगळ्यांच्या पुढे कसा निसटत होता?

त्याचे एक कारण खेळाच्या रीतीत आहे. रिसीव्हर वाटेल तसा पळत नाही. त्याची वाट आधी ठरलेली असते. इतकी पावले सरळ, मग उजवीकडे वळण, किंवा एकदम थांबून मागे. वॉल्श यांच्या पद्धतीत क्वार्टरबॅक चेंडू सोडतो तो रिसीव्हर वळण्याच्या आधीच. चेंडू मोकळ्या जागेत येतो, आणि त्या क्षणी झेलणारा तिथे पोचलेला असावा लागतो. एक पाऊल अलीकडे पडले तर चुकला, एक पाऊल पलीकडे पडले तरी चुकला. तेव्हा इथे नुसता वेग कामाचा नाही, पावलांचा हिशेब पक्का लागतो. राईसची प्रत्येक वाट सुरुवातीला सारखीच दिसे. तो कुठे वळणार हे त्याच्या खांद्यांवरून किंवा मानेवरून कळत नसे. बचाव करणाऱ्याला समजेपर्यंत तो निघून गेलेला असायचा. शिवाय वळताना त्याची चाल कमी होत नसे. सरळ रेघेत पळवून घड्याळ लावले तर ही गोष्ट मोजली जाणार कशी?

दुसरे कारण मेहनतीचे. ती मेहनत कसली, तेही नेमके सांगितले पाहिजे, कारण ‘मेहनत करा’ असे नुसते म्हणून मुलांना काही उमगत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सॅन कार्लोस नावाचे गाव आहे. तिथे एका टेकडीवरून अडीच मैलांची चढणीची पायवाट जाते. हंगाम संपला, इतर खेळाडू विश्रांतीला गेले, की राईस ही टेकडी धावत चढायचा. कशासाठी? सामन्याच्या शेवटच्या भागात बचाव करणाऱ्याचे पाय जड होतात. त्या वेळी आपले पाय सुरुवातीसारखे हलके राहावेत म्हणून. पहिल्या मिनिटाला जो थोडा मंद, तो शेवटच्या मिनिटाला सगळ्यांत चपळ. दुसरी त्याची सवय सरावातली. चेंडू झेलला की बाकीचे दोन पावले टाकून परत फिरत. राईस मात्र दरवेळी चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेघेपर्यंत पळत जायचा, समोर कोणी नसताना. सरावात जे अर्धवट करतो ते सामन्यातही अर्धवटच राहते, हे त्याचे साधे गणित.

याचे फळ २२ जानेवारी १९८९ रोजी मायामी शहरी दिसले. अमेरिकन फुटबॉलच्या वर्षाच्या अंतिम सामन्याला सुपर बोल म्हणतात. समोर होते तेच सिनसिनाटीचे बेंगाल्स. सामना संपायला तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ उरला होता. बेंगाल्स १६, फोर्टीनायनर्स १३. चेंडू आपल्याच टोकाला, पुढे जायचे ९२ यार्ड. क्वार्टरबॅक जो मोन्टाना लहान लहान फेकी करीत संघाला पुढे नेऊ लागला. मधेच एका चुकीचा दंड झाला आणि एका डावात २० यार्ड काढण्याची पाळी आली. तिथे राईसने मधोमध चेंडू झेलून २७ यार्ड काढले. शेवटची ३४ सेकंद उरली असताना टचडाऊन झाला. तो चेंडू मात्र राईसने झेलला नाही. जॉन टेलर या त्याच्या सोबत्याने झेलला. सामना २०–१६ असा जिंकला. राईसने त्या दिवशी ११ झेल घेऊन २१५ यार्ड मिळवले, आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढच्याच वर्षी, १९९० च्या जानेवारीत, डेन्व्हरविरुद्ध ५५–१० असा विजय मिळाला, त्यात राईसचे तीन टचडाऊन. जानेवारी १९९५ मध्ये सॅन दिएगोविरुद्ध ४९–२६ असा विजय, त्यातही त्याचे तीन.

मधल्या काळात जुने विक्रम एकामागून एक मागे पडत होते. १९९२ च्या डिसेंबरात झेल घेऊन केलेल्या टचडाऊनमध्ये त्याने स्टीव्ह लार्जंटच्या १०० चा आकडा ओलांडला. ५ सप्टेंबर १९९४ रोजी एकूण टचडाऊनमध्ये तो जिम ब्राऊनच्या १२६ च्या पुढे गेला. ब्राऊनचा तो विक्रम १९६५ पासूनचा होता. १९९५ च्या एका हंगामात त्याने १२२ झेल घेऊन १,८४८ यार्ड काढले.

पण श्रोतेहो, शरीर कोणाचेच कायमचे ऐकत नाही. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी टॅम्पा इथे त्याच्या गुडघ्यातला बंध तुटला. तोवर दुखापतीमुळे त्याचा एकही सामना चुकला नव्हता. अशा इजेला महिनोन् महिने विश्रांती लागते. राईस मात्र साडेतीन महिन्यांत, १५ डिसेंबरला, मैदानावर उतरला. त्याने टचडाऊनही केला, आणि त्याच झेलावर जमिनीवर पडताना त्या गुडघ्याची वाटी फुटली. जो हट्ट त्याला टेकडीवर नेत होता, त्याच हट्टाने इथे नुकसान केले. हेही मुलांना सांगितले पाहिजे.

पुढच्या हंगामाला तो परत आला. २००० साली फोर्टीनायनर्समधली त्याची सोळा वर्षे पुरी झाली. घरच्या मैदानावर त्याचा निरोपाचा सामना होता. त्या दिवशी टेरेल ओवेन्स या तरुण सोबत्याने २० झेल घेऊन एका सामन्याचा नवा विक्रम केला. जुन्या गड्याच्या डोळ्यांदेखत नव्याने जागा घेतली. राईस ओकलंडच्या रेडर्स संघाकडे गेला, आणि २००२ च्या हंगामात, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्याने ९२ झेल घेतले. त्या संघाबरोबर तो आणखी एकदा सुपर बोलला पोचला; तो सामना हरला, तरी टचडाऊन त्याने केलाच. २००४ च्या सप्टेंबरात त्याची एक माळ तुटली. लागोपाठ २७४ सामन्यांत त्याने निदान एक तरी झेल घेतला होता. त्या दिवशी एकही मिळाला नाही. पुढे काही महिने सिएटल, मग डेन्व्हर. तिथे आपली जागा चौथी-पाचवी राहणार असे दिसताच २००५ च्या सप्टेंबरात त्याने खेळ सोडला.

शिक्षक मंडळींनी आता खडू हाती घ्यायला हरकत नाही. वीस हंगाम, बाद फेरीचे सामने सोडून ३०३ सामने. झेल १,५४९. यार्ड २२,८९५. एकूण टचडाऊन २०८, त्यांतले १९७ झेल घेऊन. आता मुलांना भागाकार करायला सांगा. सामन्याला झेल पडतात पाच. सामन्याला यार्ड पडतात साधारण ७५, म्हणजे एक मैदानसुद्धा पुरे नाही. पण सगळे यार्ड एकापुढे एक मांडले तर १३ मैल, जवळजवळ २१ किलोमीटर. त्याच्या मागोमाग लॅरी फिट्झजेराल्ड याचे १७,४९२ यार्ड आहेत. एका हंगामात १,००० यार्ड काढले की रिसीव्हरचे वर्ष चांगले गेले असे मानतात. अशी बावीस वर्षे लागोपाठ काढली तरी राईस पुढेच राहतो. दिवसाकाठी थोडे, पण खाडा नाही, याचा अर्थ काय होतो ते या एका उदाहरणात फळ्यावर दिसेल.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. १९८१ पासून या खेळात हाताला चिकट पदार्थ लावण्यास बंदी आहे. २०१५ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात राईसने स्वतःच सांगितले की आपण हातमोज्यांवर चिकट फवारा मारत असू, आणि ते थोडे नियमाबाहेरच होते. त्यावर टीका झाली. तेव्हाचे खेळाडू असे करीत, असे त्याने नंतर म्हटले. बरेच जण करतात म्हणून चूक ही बरोबर होत नाही. त्याने टेकडी चढण्याचे काम मात्र कोणत्याही फवाऱ्याने होण्यासारखे नव्हते. मुलांपुढे ठेवायचा तो माणूस दोन्ही बाजूंनी ठेवावा.

२०१० साली ओहायो राज्यातल्या कँटन गावी, फुटबॉलच्या मानकऱ्यांच्या संग्रहालयात त्याला स्थान मिळाले. त्या दिवशीच्या भाषणात त्याने वर्गातून पळालो तो प्रसंग सांगितला, वडिलांच्या विटा सांगितल्या, आणि हेही सांगितले की आयुष्यभर आपल्याला अपयशाची भीती वाटत आली, तिनेच आपल्याला पळवले. विक्रम करून झाल्यावरही ती भीती गेली नव्हती. आपण थांबून मागे पाहायला हवे होते, असे तो म्हणाला. वडील तोवर हयात नव्हते. भर उन्हात मुलांकडून विटा झेलून घेणाऱ्या त्या गवंड्याला, आपण भिंतीबरोबर आणखी काय बांधतो आहोत, याची कल्पना त्या वेळी कुठून असणार?